टाकी बोलली

"आजोबा, हा! कॅमेरावाला!" नातीने काउंटरच्या काचेला नाकच टेकवलं.

दुकानदाराने प्रोग्राम घालता येणारे तीन इलेक्ट्रॉनिक बोर्ड पुढ्यात मांडले. वायफाय तिन्हींत होतं. एक अगदी नखाएवढा, पिनांच्या जागी नुसती भोकं असलेला. दुसऱ्यावर कॅमेरा. तिसरा साधाच, पण पिना आधीच जोडलेल्या आणि कडेला यूएसबीची जागा.

"टाकीचे फोटो काढायचेत का?" मी विचारलं.

ती खुदकन हसली. आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. ती भरली का हे बघायला तिची आजी लोखंडी शिडी चढते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण ती कुणाला दाद देईल तर शपथ! "टाकी स्वतः सांगेल ना 'भरले', त्या दिवशी सोडीन शिडी," एवढंच म्हणाली. नातीने ते मनावर घेतलं.

"मग हा छोटा?"

"त्याच्या पिना तुलाच डाग देऊन सोल्डर कराव्या लागतील," दुकानदार म्हणाला, "आणि प्रोग्राम घालायला वेगळी वस्तू घ्यावी लागेल."

"आपण चुकणार, हे धरूनच चालू," मी म्हणालो. "चुकलं की लगेच पुन्हा करू देईल, असा कोणता?"

तिने तिन्ही उलटसुलट करून पाहिले आणि तिसरा उचलला. "हा. याला नुसती केबल लावली की झालं. याचं नाव भोळ्या!"

घरी लॅपटॉपला लावल्यावर भोळ्याचा दिवा लुकलुकला, तेव्हा ती खुर्चीवर उभी राहून नाचली. तिच्या बाबाने टाकीत पाणी वर आलं की चालू होणारा तरंगता स्विच सोडून त्याची वायर खिडकीतून आत आणून ठेवलीच होती. ती जोडली. आजीच्या मोबाईलवर निरोप धाडायचा प्रोग्राम, वायफायचं नाव आणि पासवर्ड घातला. पडद्यावर "जोडतोय" आलं आणि पुढे नुसते ठिपके.

मघाशी मोटर लावून बसलेली आजी तेवढ्यात उठली. "चालू द्या तुमचं. मी आले बघून."

"आजी, थांब ना!" नातीचा आवाज रडवेला झाला. "आजोबा, चुकीचाच घेतला आपण."

"त्याला काय काय ऐकू येतंय, ते तरी विचार."

आसपासची वायफाय शोधणारा तयार प्रोग्राम होता. तिने तो चालवला. शेजाऱ्यांचं नाव आलं, खालच्या दवाखान्याचं आलं, आमचंही आलं, पण एकच. ती पुटपुटत वाचत होती, आणि एकदम तिने टेबलावर थाप मारली.

"आपल्या वायफायची नावं दोन आहेत! मी शेवटी पाचाचा आकडा असलेलं दिलं, मोबाईलवर ते जोरात चालतं म्हणून. भोळ्याला ते ऐकूच येत नाही! त्याला साधंच हवंय!"

नाव बदललं. ठिपके थांबले. "जोडलं!" असं ओरडत ती गच्चीकडे सुटली, मी मागोमाग. आजीचा एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता. कमरेला खोचलेला मोबाईल टिंग करून वाजला.

"वाच, वाच!"

आजीने चष्मा वर सरकवला. "'आजी, मी भरले. तुझी टाकी.'" मग वर पाहिलं. "आणि खोटं बोलत असेल तर?"

त्याच क्षणी टाकीच्या जादा पाणी सोडणाऱ्या वरच्या नळीतून धार थेट तिच्या खांद्यावर आली.

"अगं बाई! मोटर बंद करा कुणीतरी!" आजी हसत मागे सरली, आणि पाय खाली आला. पदर पिळत तिने नातीला जवळ ओढलं. "काय गं, वाळत घातलेले कपडे वाळले का, ते पण सांगेल का हा तुझा भोळ्या?"

नातीचे डोळे चमकले. "आजोबा, चपला घाला! दुकान अजून उघडं असेल!"