गुणमाला वहिनींचा गरगरा

“दादासो, या की वाईच, मीठ बघा!”

ही हाक आली, की मी हातातला पाना टाकून धावत सुटायचो. मी बागेतल्या कोलंबस बोटीचा मेकॅनिक. मीठ बघणं माझ्या कामात कुठंच बसत नव्हतं. पण भाद्रपदात दहा दिवस जैनांचं पर्व असतं. गुणमाला वहिनी आणि त्यांचे यजमान जयपालअण्णा दोघंही त्या दिवसांत एकभुक्त, तेही घरचंच खाणार. गाड्यावरचा पदार्थ दिवसभर तळायचा, पण जिभेवर ठेवायचा नाही. मग कुणाची तरी जीभ उसनी घ्यावी लागे. ती माझी होती आणि तिची काही तक्रार नव्हती.

कराडच्या अलीकडं हायवेला लागून आमची ही बाग. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या आणि खायला जगावेगळे प्रकार. हातभर लांबीची कुल्फी, निळा पॉपकॉर्न, तोंडातून धूर काढणारी बिस्किटं. लोक ते हातात धरून फोटो काढतात आणि अर्धं कचऱ्यात टाकतात. वहिनींचा गरगरा मात्र कुणी टाकलेला मी आजवर पाहिला नाही.

चार वर्षांपूर्वी आष्ट्याच्या या जोडप्यानं गाडा घेतला, तेव्हा त्यासोबत बटाट्याचं स्प्रिंग काढायचं यंत्र आलं होतं. अख्खा बटाटा काठीवर टोचायचा, गोल चिरायचा, ताणायचा आणि तळायचा. वहिनींनी यंत्राकडं बघून सांगितलं, “आमच्यात बटाटा चालत न्हाई. जे आमी खात न्हाई, ते लोकांस्नी कसं खायला घालू?” आम्ही सगळे हसलो. बागेत येऊन बटाटा नाकारणारी बाई चार दिवसांत गाशा गुंडाळणार, असं मीच पैज लावून सांगितलं होतं.

त्यांनी त्या यंत्रात कच्चं केळं घातलं. मोडलं. महिनाभर नुसती केळी मोडत होती आणि अण्णा ते तुकडे मुकाट्यानं म्हशीला नेत होते. मग वहिनींनी यंत्र बाजूला सारलं. केळं सालीसकट जेमतेम वाफवायचं, गार करून काठीवर टोचायचं, डाव्या हातानं काठी फिरवायची आणि उजव्या हातात सुरी नुसती टेकवून धरायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग वेटोळं. मग सांगलीची हळद घातलेल्या डाळीच्या पिठात बुडवून तळायचं आणि गरम असतानाच बिनलसणाच्या चुरलेल्या भडंगात लोळवायचं. माझ्या बोटीतून उतरलेल्या एका पोरीनं डोकं धरून ते बघितलं आणि ओरडली, “मम्मी, ह्ये बी गरगरतंय!” तेव्हापासून नाव पडलं. मी पंचवीस वर्षं यंत्रांत काढली आहेत, पण इतका स्थिर हात मी दुसऱ्या कुणाचा बघितला नाही.

गेल्या वर्षी बागेचे मालक लालासाहेब यांनी खाण्यापिण्याचं नवं दालन बांधलं. ते पुण्याच्या एका कंपनीला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. जुन्या गाड्यांपैकी फक्त वहिनींचा विचार होणार होता. मालक म्हणाले, “कंपनीची माणसं येऊन चव बघत्याली. पसंत पडलं तर दारातली पहिली जागा तुमची. न्हाईतर दिवाळीनंतर गाडा हलवावा लागंल.”

दिवस ठरला अनंत चतुर्दशीचा. विसर्जनामुळं बाग बंद, म्हणून मालकांना सोयीचा. वहिनी आणि अण्णा, दोघांचाही मात्र त्या दिवशी पाण्याचा थेंबही न घेता उपास. एरवी त्या दिवशी गाडा उघडतच नसत. त्या सकाळी वहिनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घेऊन तशाच आल्या. अण्णांनी तोवर पीठ भिजवून ठेवलं होतं आणि वहिनींना उशीर होतोय म्हणून मीठही घातलं होतं. वहिनींनी आल्या आल्या मीठ घातलं, कारण मीठ हे कायम त्यांचंच काम. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही आणि चाखणार तर दोघांपैकी कुणीच नव्हतं. एका गाड्यावर दोन उपाशी माणसं, त्याचं हे असं होतं.

चाखायला मी होतो. वहिनींनी दोनदा फोन केला. बंदचा दिवस साधून मी बोटीखाली आडवा पडून ग्रीस भरत होतो आणि फोन वर टांगलेल्या शर्टाच्या खिशात वाजत होता. आता जातो, मग जातो, असं करत मी पोचलो तेव्हा मालक आणि कंपनीचे पाहुणे खुर्च्यांवर बसले होते आणि ताटली टेबलावर आली होती.

वहिनींनी एक टोक मोडून माझ्या हातावर ठेवलं. मी तोंडात टाकलं. खारट! नुसतं मीठ चघळल्यासारखं. आता सांगून काय उपयोग, असं मनात आलं आणि मी अंगठा वर केला. “एक नंबर, वैनी!”

त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. “पाणी पायजे?”

“व्हय. म्हंजे, न्हाई.”

पाहुण्याचा हात ताटलीकडं गेला होता. वहिनींनी ताटली अलगद मागं ओढली.

“मालक, ह्ये खायचं न्हाई. मीठ जादा झालंय.”

“तुमी चाखलं?”

“उपास हाय. पर ह्या माणसाला खोटं बोलाया जमत न्हाई.”

पाहुणा हसून म्हणाला, “थोडं खारट चालतं हो. आम्हाला दिसणं महत्त्वाचं. दिसायला तर जबरदस्त आहे.”

“तुमाला चालंल. माझ्या हातनं न्हाई जायाचं. अर्धा तास द्या, नवं पीठ भिजवते.”

“अवो वैनी, मिरवणुकीनं रस्ता बंद हुतोय,” मालक घड्याळ बघत उठले. गाड्या निघून गेल्या. अण्णा खाली बघत म्हणाले, “मी घातलं हुतं गं.” वहिनी म्हणाल्या, “मी बी.” आणि काय गंमत, दोघं हसले. मला हसू येईना. मी वेळेवर आलो असतो तर पीठ बदलायला भरपूर वेळ होता, हे तिथं फक्त मला टोचत होतं.

जागा कंपनीला गेली. मालकांनी संध्याकाळी फोनवरच कळवलं.

पर्व संपलं, की जैनांत क्षमा मागायचा दिवस असतो. वर्षभरात भेटलेल्या प्रत्येकाची. त्या दिवशी दोघं धुतल्या कपड्यांत बागेत आले आणि आधी मालकांच्या ऑफिसात गेले. मी काचेतून बघत होतो. वहिनींनी हात जोडले, तसे लालासाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले आणि बराच वेळ उभेच होते. पुढं त्यांनी तिकीट खिडकी केली, झाडूवाल्या बाळाबाई केल्या. दालनाची मापं घ्यायला आलेला कंपनीचा माणूसही सोडला नाही. त्याला तर हात जोडून झाल्यावर, वारा कुठून येतो आणि कढई कुठल्या अंगाला ठेवावी, तेही दाखवलं.

मग बोटीपाशी आल्या. “दादासो, आमच्याकडनं काय चुकलं-माकलं आसंल, मन दुखावलं आसंल, तर क्षमा करा.”

“वैनी, चूक माझी हाय,” मी कसंबसं म्हणालो. “तुमी दोनदा फोन केला. मी आलो न्हाई. वर खोटं बी बोललो.”

“आज त्ये काढायचं नसतंय,” त्या म्हणाल्या आणि हात जोडून तशाच उभ्या राहिल्या.

त्यांच्यात आपणही उलटून हात जोडल्याशिवाय क्षमा मागणारा हलत नाही, एवढं मला माहीत होतं. माझे हात कोपरापर्यंत ग्रीसनं माखले होते. मी ते पँटला पुसले, निघेना. मग तसेच जोडले.