पाय हलवायचे नाहीत

प्रांजलनं माईकचं बटण दाबलं आणि तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

"आजोबा, पाय हलवू नका."

काचेपलीकडं एमआरआयच्या बोगद्यातून बिराप्पाचे दोन तळवे तेवढे बाहेर दिसत होते. ते ताबडतोब शहाण्यासारखे सरळ झाले. यंत्र पुन्हा सुरू झालं. ठक ठक ठक, मग घर्र, मग पुन्हा ठक ठक. थोड्या वेळानं उजवा अंगठा हळूच वर आला, त्यानं जरा अंदाज घेतला आणि डाव्यालाही बोलावून घेतलं.

प्रांजलनं यंत्र थांबवलं आणि दारात बसलेल्या त्याच्या बायकोकडं, सुलाबाईकडं, खुर्ची फिरवली.

"आजी, यांना झटके येतात का पायाला?"

"न्हाई बाई. नाचत्यात ते."

"नाचतात?"

"गजी. आमचा धनगरी नाच. तुमच्या मशिनीचा ठेका आमच्या ढोलाला मिळतुया. ह्यांची हयात गेली त्या ढोलाम्होरं."

विश्रामबागच्या त्या सेंटरात प्रांजलनं रडणारे पेशंट पाहिले होते, घोरणारेही पाहिले होते. एकानं आत पडल्या पडल्या बायकोची माफी मागितली होती. नाचणारा हा पहिलाच.

"आजी, फोटो हलला तर डॉक्टर वाचणार काय? हाडाच्या आतला मगज बघायचाय. कॅन्सरचे डाग औषधानं कमी झाले का वाढले, ते यातच कळणार."

सुलाबाईला ते ठाऊक होतं. गेल्या श्रावणात आटपाडीकडच्या माळावर कोकरू उचलताना बिराप्पाच्या पाठीत कडकन् वाजलं, तेव्हापासून ती दुसरं काही शिकलीच नव्हती. पहिल्या फोटोला तो असा पडून राहिला होता, की प्रांजलनंच मधे माईकवरून विचारलं होतं, आजोबा, जागे आहात ना? फोटोही इतका स्वच्छ आला, की मणक्यामणक्यातले डाग सुलाबाईला चष्म्याशिवाय दिसले. मग इंजेक्शनं सुरू झाली. दसऱ्याला ढोल घुमला तेव्हा बिराप्पा घोंगडी पांघरून देवळाच्या पायरीवर बसला होता. समोर सगळा गाव नाचत होता आणि त्याचे पाय कुणीतरी काढून ठेवलेल्या जोड्यासारखे शेजारी शेजारी पडून होते.

"तुम्ही आत येऊन त्यांचे पाय धरा," प्रांजल म्हणाली. "पण अंगावरचं सगळं काढावं लागेल. मंगळसूत्रसुद्धा."

"नवरा हाय का चाललाय ते बघाय मंगळसूत्र काढायचं," सुलाबाई फासा सोडवत म्हणाली. "लय शिकल्यात माणसं."

जोडवी साबण लावून निघाली. कानात बोळे घालून ती आत गेली आणि तिनं दोन्ही पाय घट्ट धरले.

"कोण हाय?" बोगद्यातून आवाज आला.

"मी. पाय धरल्यात."

"लग्नात धरलं न्हाईस ते आता धरतीस व्हय."

"गप पडा. हलू नगा."

"मी कुठं हलतूय? त्येच हलत्यात."

यंत्र सुरू झालं. बोळ्यांतूनही ठेका आत शिरत होता. तिच्या तळहाताखाली पाय धरून ठेवलेल्या करडासारखे वळवळले. तिनं जोर लावला. गेल्या वर्षी हेच पाय तिनं रात्रंदिवस चोळले होते, तेव्हा ते गारच राहायचे. आता ऊन होते. ठेका बदलला. इथं रुमाल उडवायचा आणि गिरकी घ्यायची, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत.

यंत्र थांबलं.

"आजी," माईक म्हणाला.

"काय?"

"आता तुम्ही हलताय. त्यांचे पाय तुमच्याबरोबर हलतायत."

संध्याकाळी डॉक्टरांच्या खोलीत सुलाबाई एकटीच गेली. बिराप्पा रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावर बसला होता. तो म्हणाला होता, वाईट असलं तर काय बोलू नगंस, नुसता आनखी एक चा सांग. मला कळंल.

डॉक्टरांनी जुना आणि नवा असे दोन्ही फोटो उजेडाला लावले. ते बराच वेळ बघत राहिले. सुलाबाई त्यांच्या भुवया बघत राहिली.

"जुने डाग बरेच विरलेत," ते म्हणाले. "नवीन एकही नाही. औषध चालू ठेवायचं, सहा महिन्यांनी पुन्हा बघू." मग एक फिल्म त्यांनी बाजूला सरकवली. तिच्यात मांडीची हाडं दोनाची चार झाली होती. "ही सुरुवातीची, हललेली. चुकून छापलीय. टाकून देतो."

"टाकू नगा," सुलाबाई म्हणाली. "ती मला द्या."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं आणि दिली. तिनं ती गुंडाळून पदराखाली घेतली.

गाड्याजवळ ती पोचली तेव्हा बिराप्पानं रिकामा पेला दोन्ही हातांत धरला होता. चहावाल्यानं तिच्याकडं बघून पातेलं पुढं ओढलं. तिनं मान हलवून नको म्हटलं.

बिराप्पानं पेला फळीवर ठेवला.

"काय म्हन्ला डाक्टर?" त्यानं विचारलं.

"नाचताना पाय वाकडा पडतुया म्हन्ला."

बिराप्पानं खाली दोन्ही पायांकडं निरखून बघितलं.

"कंचा?"