पानाची बाजू

माईकच्या अंगावर, जाळीच्या जरा खाली, बारीकसं चिन्ह कोरलेलं होतं — विड्याचं पान उलटं धरावं तसं. नखाने खरवडलं तर निघून जाईल इतकं नाजूक... निरुपमाने खरवडून पाहिलं. निघालं नाही. तिन्ही माईकांवर ते होतं: काळ्यावर पांढरं, रुपेरीवर काळं, आणि तिसऱ्यावर, जो सरळ लॅपटॉपलाच जोडायचा, त्याच्यावर तर चष्म्याशिवाय दिसू नये इतकं लहान. गेल्या वर्षीच्या माईकवरही ते असणारच. तेव्हा ते तिला दिसलं नव्हतं, किंवा दिसलं होतं आणि कंपनीचा छाप समजून तिने सोडून दिलं होतं — आता नक्की आठवत नाही, आणि आठवून तरी काय होणार.

"हे पान दिसतंय ना, बेन? या बाजूने बोलायचं," गोविंदभाई परवा म्हणाले होते. अलकापुरीतलं त्यांचं साउंडचं दुकान जुनं. नवरात्रात चार-पाच मैदानांतले गरबे त्यांच्याच स्पीकरवर चालतात, आणि मराठी गिऱ्हाईक आलं की ते हौसेने मराठी बोलतात. स्वस्तातले तीन माईक त्यांनी तिच्यापुढे मांडले होते. घरी नेऊन बघा, आवडेल तो ठेवा, म्हणाले होते. "वरून नाही हं बोलायचं. आ कंई कुल्फी नथी! लोक टोकाशीच तोंड नेतात. मग आवाज कसा येतो? तुम्ही सुरतेला, माईक बडोद्याला." मग स्वतःच हसत, "आणि हा कंडेन्सर माईक म्हणजे सासूचा कान, बेन. शेजारणीच्या घरी चमचा पडला तरी ऐकणार. पंखो बंद, बारी बंद, मगच बोलायचं."

तीही हसली होती. हसून, पिशवी घेऊन, रिक्षात बसून ती थेट फतेगंजपर्यंत आली होती, आणि सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिला कळलं होतं की आपल्याला काय सांगितलं गेलं.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरचा आठवडा होता तो. जेवणाच्या टेबलावर नवा माईक, त्याचं टोक आईच्या तोंडाकडे वळवलेलं — मंडळाच्या हळदीकुंकवाला धरतात तसं — आणि आई इस्त्रीची साडी नेसून, केस विंचरून, फोटो काढायचा असल्यासारखी ताठ बसलेली. गोष्ट सुभानरावांच्या घोड्याची. सुभानराव आईचे आजोबा, सरकारी पागेत स्वार. त्यांची गंजकी तलवार दर दसऱ्याला पुजायची आणि पूजा झाली की आईने घोडा सांगायचा. म्हातारा झाला म्हणून पागेतून काढलेला तो घोडा सुभानरावांनी लांब गावी नेऊन सोडला, पण बडोद्याबाहेर त्याला झोप येईना, आणि बाविसाव्या दिवशी पहाटे बघावं तर तो मांडवीच्या दरवाजाखाली येऊन उभा. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला. मधले बावीस दिवस मात्र दर वर्षी नवे — एका साली त्याला विश्वामित्रीत मगर आडवी येई, एका साली कुणाचं वऱ्हाड त्याला नवरदेवासाठी पकडून नेई आणि तो नवरदेवासकट पळून येई... यातलं काहीच आईने कधी लिहिलं नव्हतं. लिहिलं तर घोडा एकाच रस्त्याने येईल, म्हणायची.

"आई, जोरात बोल."

आई बोलली.

"अजून जोरात. येतच नाहीये काही."

दोन वाक्यांवर दम लागायचा तेव्हा आईला. छातीवर हात दाबून ती पुन्हा मोठ्याने म्हणाली, आणि लॅपटॉपवरची आवाजाची हिरवी रेघ हलली न हलली. मग निरुपमाने सांगितलं, गोष्ट राहू दे, नुसते आकडे म्हण, एकापासून दहापर्यंत. आणि आई म्हणाली, "एक, बे, त्रण..." शाळा गुजराती, म्हणून आकडे गुजराती. घरात कुणी 'बारी' म्हटलं तर 'खिडकी म्हण' म्हणून दटावणारी ही बाई कुकरच्या शिट्ट्या, जिन्याच्या पायऱ्या, औषधाच्या गोळ्या जन्मभर गुजरातीत मोजत आली, आणि हे तोंडावर सांगितलं तर साफ नाकबूल करायची.

"थांब," निरुपमा म्हणाली. "दोन, तीन म्हण ना ग."

आई खजील होऊन हसली. "बरं. आता गोष्ट सांगू?"

"नको. माईकच खराब दिसतोय. चांगला येऊ दे."

'आवाज लांबून येतो' अशी तक्रार लिहून तिने तो परत पाठवला होता. आणि नंतर तीन आठवडे, दुसरा कुठला घ्यावा हे वाचत बसली होती — कुणाचं मत काय, कुठल्यात खरखर कमी, कुठला मऊ आवाजाला चांगला... तिसरा आठवडा संपता संपता आईला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तिथे तर नाकातोंडावर मास्कच.

जोरात बोल, म्हणाले. मीच. जिला श्वास पुरत नव्हता तिला मी सांगत होते, अजून जोरात.

टेबलावर फोन थरथरला तेव्हा ती एवढी दचकली की रुपेरी माईक आडवा पडला.

"हॅलो," ती म्हणाली. पलीकडून काहीच आलं नाही.

"मावशी?"

"अग... तू होय." नलिनीमावशीने नाक ओढलं. "मेले, तुझा हॅलो ऐकला की अजून वाटतं ताईनेच उचलला. बरं ऐक, रविवारी वर्षश्राद्धाला गुरुजी दहाला येतील. आणि पानं उठली की ताईचा घोडा लाव. आमचा केयूर त्याचा मोठा स्पीकर आणतोय."

"मावशी, आवाज तितकासा..."

"तितकासा न् बितकासा! वर्षभर ऐकतेय मी, साफ करतेय, साफ करतेय. आवाज आहे की तांदूळ, निवडत बसलीस ती? कंजूष कुठली. आई काय तुझी एकटीचीच होती?"

"नाही, मावशी."

"मग लाव. आणि ते साड्यांचं कपाटही उघड आता. वाटून टाकू. कसर लागायची."

तेराव्याला हीच मावशी भिंतीला डोकं टेकून रडत होती — ताई गेली ती गेली, घोडाही घेऊन गेली, मधलं आता कुणाला येतंय — आणि निरुपमा म्हणून गेली होती, "आहे. मी रेकॉर्ड केलंय." तिला धीर द्यावा म्हणून, म्हणजे तसं म्हणता येईल. खरं तर, केलं नाही हे चारचौघांत म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं म्हणून. होती ती एकेचाळीस सेकंदं. त्यात पंखा होता, कुकर होता, आणि अगदी कानाशी आल्यासारखा, स्वच्छ, निरुपमाचा आवाज: जोरात बोल. येतच नाहीये. थांब. माईकच्या बाजूला, पानाकडे तोंड करून, तीच तर बसली होती. आई कुठेतरी मागे, भिंतीपलीकडे... सुरतेला.

तिने कपाट उघडलं. कपड्यांत आवाज घुमत नाही, साड्या सगळ्यांत चांगल्या, असं तिने त्या तीन आठवड्यांत कुठेतरी वाचलं होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला, दुसरा कुठलाच नाही. साड्यांकडे तोंड करून तिने खुर्ची ओढली, मध्ये माईक ठेवला, पंखा बंद केला. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीतून जाईपर्यंत थांबली. मग हरणीच्या विमानतळावरचं दुपारचं विमान डोक्यावरून गेलं, तेही जाऊ दिलं.

काळ्यावर म्हणून पाहिलं: "आमचे आजोबा सुभानराव, त्यांचा एक घोडा होता." ऐकलं. मावशी फोनवर फसते, दूधवाला जिन्यात फसायचा, बाबासुद्धा एकदा फसले होते. पण माईक फसत नव्हता. तिच्या 'स'मधली शीळ, जास्त शिकलेल्या बाईची ती तोलून शब्द टाकण्याची सवय, सगळं पानाच्या बाजूने आत गेलं होतं आणि तसंच्या तसं बाहेर आलं होतं. रुपेरी त्याहून चांगला. तिसरा त्याहूनही. जितका माईक चांगला तितकी ती निरुपमाच निघत होती.

मग तिने तो तिसरा माईक कलता केला. टोक तोंडाकडे, पान साड्यांकडे. ज्या तऱ्हेने बोलू नये त्या तऱ्हेने ती बोलली, आणि ऐकलं तर आईच बोलत होती... बारीक, पोकळ, वर्षं अंगावर घेतलेला आवाज, कुठून तरी लांबून. केयूरच्या मोठ्या स्पीकरवर तर कुणालाच शंका येणार नाही. मावशी पदर डोळ्यांना लावील. मावशीला घोडा मिळेल.

ती पुन्हा वाकली. लाल दिवा लागला. सुभानराव आले, पागा आली, घोडा लांब गावी सोडून झाला — आणि पहिल्या दिवशी घोडा जिथल्या तिथे उभा राहिला. मगर आठवत होती, वऱ्हाड आठवत होतं. पण ते त्या त्या सालाचे रस्ते, आणि ती दोन्ही सालं घोडा चालून गेला होता. यंदाचा रस्ता तिला सुचेना. घोडा तिच्याकडे बघत होता, म्हातारा, ओल्या डोळ्यांचा, वाट विचारत असल्यासारखा, आणि तिच्यापाशी बाविसांपैकी एकही दिवस नव्हता. मांडवी कुठल्या कुठे राहिली होती.

दिवा चालूच होता. नुसते आकडे म्हण, तिने स्वतःला सांगितलं, आणि टोकाशी तोंड नेऊन, छातीवर हात दाबून म्हणाली, "एक, बे, त्रण..."

आणि थांबली. तीनवर थांबायचं काही कारण नव्हतं, चार होते, पाच होते, दहापर्यंत सांगितलं होतं. पण इथे कुणीतरी 'थांब' म्हणायचं असतं, कानाशी, स्वच्छ, आणि मग हसायचं असतं. ती वाट बघत राहिली. साड्यांतून काहीच आलं नाही. कुणी थांब म्हणालं नाही, कुणी दोन-तीन म्हण म्हणालं नाही. आता कितीही वेळ बोलता आलं असतं, श्वास पुरेल तितकं, हळू हळू, हव्या त्या रस्त्याने... लाल दिव्यासमोर तोंड अर्धवट उघडं ठेवून ती तशीच बसून राहिली, आणि पुढचा आकडा काही केल्या तिला आठवेना — ना गुजरातीत, ना मराठीत.