सासऱ्यांचे दहा शब्द

बास्तियाँची पाणबुडी अणुभट्टीवर चालते, त्यामुळे इंधनासाठी तिला तुलाँच्या बंदरात परतावं लागत नाही. आतल्या माणसांचं खाणं संपलं की ती परतते. ते खाणं रांधतो माझाच नवरा, म्हणून उशीर झाला की मी त्याच्याच नावाने बोटं मोडते.

घरून त्याला आठवड्याला चाळीस शब्द पाठवता येतात. तिकडून उत्तर नाही. नौदलाच्या कचेरीत ते आधी वाचतात आणि वाईट बातमी असली तर गाळतात. घरी कोणी वारलं तर तिथेच सांगायचं की परतताना, हे प्रत्येकाने निघण्यापूर्वी लिहून द्यायचं असतं. बास्तियाँने ‘परतताना’ लिहिलं होतं.

त्या चाळिसांतले दहा शब्द माझे सासरे फेलिसियाँ हक्काने घ्यायचे. गोदीत आयुष्य काढलेला खडूस माणूस. सांगायचे काय, तर अंजिरं किडली, शेजारचा गास्तों लोखंडी गोळ्यांच्या खेळात पुन्हा रडीचा डाव खेळला, मासळी महागली. मुलाची विचारपूस एका अक्षराने नाही. मला राग यायचा. दहा शब्द फुकट जायचे.

सहाव्या आठवड्यात ते झोपेतच गेले. मी एकटीने त्यांना माती दिली आणि रविवारी कागद घेऊन बसले. त्यांचे शब्द दिसले नसते तर बास्तियाँला लगेच कळलं असतं. मग मीच लिहिलं, ‘बाबा म्हणतात, अंजिरं पिकली. जिवाला जप. तुझी फार आठवण येते.’ लिहिताना रडले. पुढचे चार रविवार तसंच काहीबाही लिहिलं.

परतीच्या आदल्या दिवशी कप्तानाने त्याला रीतीप्रमाणे सांगितलं. घरी आल्यावर तो अंजिराखाली बसला. मी खोटं लिहिल्याची माफी मागितली.

"मला सहाव्या आठवड्यातच कळलं," तो म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्याला माझी आठवण येते, आणि वर तो ती बोलून दाखवतो?"

मग एवढे दिवस कसे काढलेस, मी विचारलं. पाव भाजत, म्हणाला. खिशातून त्या सहाव्या आठवड्याच्या निरोपाचा, घड्या पडून फाटायला आलेला कागद त्याने काढला.

"हा मात्र रोज वाचला. अगदीच खोटं नव्हतं ना गं, नॉएमी?"

नव्हतं. दर रविवारी दहा शब्द सांगून झाले की सासरे विचारायचे, "पोचेल ना गं पोरी त्याला?" आणि मी हो म्हणेपर्यंत खुर्चीवरून उठायचे नाहीत. तेवढं मी त्याला सांगितलं.