समुद्राची पावसाळी सुट्टी

समुद्र अक्षय आहे आणि राष्ट्राची भूक कितीही वाढली तरी तो रिता होणार नाही, असं लक्ष्मणरावांनी १९५५च्या जूनमध्ये टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. मुठीनं टेबलाचा पाय निखळला. ते टेबल पिंपरीत होतं.

सागरी मासेमारीच्या योजनेची कचेरी पिंपरीत का, तर इथं लष्करानं सोडलेली एक बराक रिकामी होती. समुद्रानं काही तक्रार केली नाही. साहेब लक्ष्मणराव मूळचे पुणे जिल्ह्यातल्या खेडचे, उसाच्या खात्यातून बढतीवर आलेले. मी आलेख काढणारा कारकून. आमच्या नऊ जणांत समुद्रातला मासा पाण्यात असताना पाहिलेला माणूस एकच, शिपाई बरकत. तो रत्नागिरीकडच्या एका खाडीवरचा. त्याचा धाकटा भाऊ मन्सूर तिथंच होडी चालवायचा.

पावसाळ्यात तिकडचे कोळी आणि मुसलमान मच्छीमार, दालदी, दोघंही जाळी गुंडाळून नारळी पौर्णिमेपर्यंत स्वस्थ बसतात, हे लक्ष्मणरावांना खुपलं.

"अडीच महिने सुट्टी! पंचवार्षिक योजनेत नारळी पौर्णिमा कुठं लिहिलीय, दाखवा मला."

आम्हाला दाखवता येईना. चहा ठेवता ठेवता बरकत म्हणाला, "साहेब, सुट्टी आमची नाय, मासळीची. या दिवसांत ती पोटातली गाबोळी, म्हणजे अंडी, घालायला खाडीत शिरते. काठच्या तिवरांच्या झाडांच्या मुळांत पिल्लं वाढतात, तीच पुढं दर्यात जातात. त्यांच्यावर सुरमई जगते, सुरमईवर आमी. खाडीतच धरली तर पुढं सगळंच सरलं."

"कितवी शिकलास?"

"चौथी."

"मग चहात साखर घाल. विसरलायस."

योजना मंजूर झाली. खाडीच्या तोंडाशी लावायला बारीक भोकांची जाळी फुकट वाटली. बरकतनं भावाला पत्र घातलं, जाळं घेऊ नको. मन्सूरचं उत्तर त्यानं मला वाचून दाखवलं: "भाई, शेजारी सगळे धरतायत. मी सोडलेली मासळी त्यांच्याच जाळ्यात जाणार. मग मीच का उपाशी राहू?"

बरकतनं पत्राची घडी घातली आणि तो साहेबांच्या चहाला गेला.

पहिल्या वर्षी माझा आलेख असा चढला, की कागदाला वरून तुकडा जोडावा लागला. लक्ष्मणरावांना हार घातले गेले. दुसऱ्या वर्षी आलेख आडवा झाला. तिसऱ्या वर्षी आलेख काढण्याची गरज नाही, असं मला सांगण्यात आलं.

१९५८च्या मे महिन्यात मन्सूर वळकटी घेऊन पिंपरीत उतरला. होडी त्यानं विकली होती आणि कारखान्यात काम शोधत होता. बरकत त्याला थेट साहेबांपुढे घेऊन गेला. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. मन्सूर खुर्चीला हात न लावता उभा राहिला.

"साहेब, जाळं टाकलं की आता चिखल येतो. अजून थोडी मासळी अंडी घालायला येते, नाय असं नाय. या जूनपासून खाडी बंद करा. तीन पावसाळे. परत भरली तर मी जातो घरी. नाय भरली तर मी हितंच मरणार, मशिनीपुढं."

लक्ष्मणरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर समुद्र नव्हता, पण त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. त्यांनी मला हुकूम लिहायला बसवलं. 'तीन वर्षांच्या माझ्या सूक्ष्म निरीक्षणाअंती असे आढळून आले आहे की,' अशी सुरुवात केली आणि बरकतचं चहाच्या वेळचं बोलणं एकही शब्द न गाळता सांगितलं. एक जूनपासून तीन पावसाळे खाडी बंद. अंडी घालायला आलेली मासळी धरणाऱ्याचं जाळं जप्त. सही झाली. बरकतनं भावाचा हात धरला. दोघं दारापर्यंत गेले असतील नसतील, एवढ्यात साहेबांनी पेनाचं टोपण लावत हाक मारली.

"बरकत, एक जूनला अजून आठवडा आहे ना रे? रविवारी व्याही येतायत. गावाकडून जरा गाबोळी मागव की. मिठातली चालेल."