चौदा इंचांची पिशवी

माझ्या शाळेच्या स्कर्टवर खालच्या काठाला तीन फिक्या रेघा होत्या.

चौदा इंच. कुठून कुठपर्यंत, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

सात स्क्रू. त्यातल्या एकाचं डोकं वेगळं.

जहाज बंदराला लागल्याशिवाय बाबांचा फोन लागत नाही.

‘किमान’ या शब्दाचा अर्थ मी एकदा भर रांगेत सांगितला. माझ्यामागे बावीस जण उभे होते.

एक मिनिट चाळीस सेकंद.

स्कर्ट सोडला तर हे सगळं एकाच आठवड्यातलं. आता क्रमाने सांगते. क्रम पाळणं मला फारसं जमत नाही.

मंगळवारी कॉलेजचं पत्र आलं. इमारतींचे नकाशे काढायला शिकवतात, त्या पाच वर्षांच्या कोर्सला मला प्रवेश मिळाला होता. पत्रात लिहिलं होतं: ‘आपण अर्जात स्वतःचा लॅपटॉप असल्याचे नमूद केले आहे. तो सोमवारी सकाळी तपासणीसाठी बिलासह आणावा. किमान सोळा जीबी मेमरी आवश्यक. न आणल्यास संगणक वर्गातील जागा प्रतीक्षा यादीतील पुढील विद्यार्थ्यास देण्यात येईल.’ खाली शिफारस म्हणून एकच मॉडेल, चौदा इंची, आणि ते मिळण्याचं एकच दुकान.

मी असं काहीही नमूद केलेलं नव्हतं. तो रकाना मी कोरा सोडला होता, कारण ‘नाही’ लिहायला हात धजला नव्हता.

“ऑफिसची चूक आहे,” मी आईला म्हणाले. “उद्या जाऊन सांगते.”

“सांगू नकोस.”

“का?”

“चूक त्यांची निघेल, जागा तुझी जाईल.”

एवढं बोलून तिने पत्र मशीनच्या टेबलावर कात्रीखाली ठेवलं आणि कपाटातून जाड निळं कापड काढलं. आई अल्टरेशन करते. नवीन कपडे शिवत नाही. लोकांनी घेतलेले आणि न बसणारे कपडे बसते करून देते. दुपारपर्यंत तिने लॅपटॉपची पिशवी शिवली. अस्तर लावलेली, चेनवाली, रुंदीला बरोबर चौदा इंच, आणि आतल्या शिवणीत दोन्ही बाजूंना एकेक इंच माया. माया म्हणजे शिवणीच्या आत दडवून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस वाढला की शिवण उसवायची आणि ते बाहेर काढायचं.

लॅपटॉपचा पत्ता नव्हता. पिशवी तयार होती.

बुधवारी काका आले. काकांचं नळ-फरशीचं दुकान आहे, आणि ते कुठेही बसले तरी गल्ल्यावर बसल्यासारखे बसतात. पत्राची बातमी त्यांना कुणी दिली, मला माहीत नाही. आमच्या घरात गुपित चहा उकळेपर्यंतच टिकतं.

“वहिनी, काळजी सोडा,” ते म्हणाले. “यादीतलाच लॅपटॉप घेऊ. मी घेतो.”

आईच्या ओठांत टाचण्या होत्या. कुणाच्या तरी कोटाची बाही ती आखूड करत होती. ती नुसती मान हलवत राहिली.

“बिल माझ्या नावावर करू, म्हणजे दुकानाच्या खर्चात जाईल. आणि तो राहील आमच्याकडे. इथे तुमच्याकडे सगळा सुई-दोऱ्याचा पसारा. ही संध्याकाळी येईल, अभ्यास करेल, झाला की तासभर आमचा माल तेवढा कॉम्प्युटरवर चढवून देईल. माणूस मिळत नाही हो हल्ली. आणि ही काय परकी आहे का?”

“आणि सकाळी कॉलेजला काय नेऊ?” मी विचारलं.

“सकाळी येऊन घेऊन जायचा, संध्याकाळी आणून ठेवायचा. चालणं होईल तेवढंच.”

“पाच वर्षं?”

“अगं, पाच वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातात.”

“तुमची जातील, काका.”

काकांनी आईकडे पाहिलं. आता ही पोरीला दटावेल, अशी त्यांची खात्री होती. माझीही होती.

या जागी मी काय काय बोलणार होते, त्याच्या तीन प्रती माझ्याकडे आहेत. पहिलीत मी नम्र आहे. दुसरीत मी काकांना त्यांच्या फरशीचा भाव विचारते. तिसरी इथे देण्यासारखी नाही. प्रत्यक्षात मी एवढंच म्हणाले, “मला नको.”

आईने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. पाच होत्या. 

“नको म्हणते ती, भावोजी,” आई म्हणाली. “चहा घ्या, गार होतोय.”

काकांनी चहा अर्धा ठेवला. दारात चपला घालताना म्हणाले, “सोमवारी रात्री तुमचाच फोन येईल मला. बघालच तुम्ही.”

“सोमवारी रात्री आमचे बाबा बंदरात असतील,” मी म्हणाले. “आम्ही त्यांना करू.” बाबा जहाजावर स्वयंपाकी आहेत.

गुरुवारी आम्ही यादीतल्या दुकानात गेलो. काचेचं दार, आत गारवा, आणि सगळे लॅपटॉप एकाच कोनात उघडलेले. टाय लावलेल्या विक्रेत्याने यादीतला लॅपटॉप दोन बोटांत धरून दाखवला.

“बघा मॅडम, किती स्लिम.”

आईने खांद्यावरून आमची पिशवी काढली आणि लॅपटॉप आत सरकवला. तो आत इकडून तिकडे घसरला, थोरल्याचा शर्ट घातलेल्या शेंडेफळासारखा.

“हा चौदा इंच नाही,” आई म्हणाली.

“चौदाच आहे, मॅडम. स्क्रीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात.”

आईने टेप काढून स्वतः मोजला. तिरका. चौदा भरला. तिचा चेहरा जरासा उतरला आणि लगेच जागेवर आला.

“उरेब मोजता होय,” ती म्हणाली. तिरक्या कापडाला तिच्या धंद्यात उरेब म्हणतात. “मग तसं लिहायचं. उरेब मापावर कुणी पिशवी शिवत नाही.”

“लिहायला हवं,” विक्रेता म्हणाला. त्याला हसू आलं होतं आणि ते लपवणं त्याला जमत नव्हतं.

“बरं, यात आत माया किती?”

“काय, मॅडम?”

“आत जागा आहे का? उद्या हिचं काम वाढलं, मेमरी वाढवायची म्हटली, तर वाढते का?”

“नाही, यात मेमरी बोर्डालाच जोडलेली असते. म्हणून तर इतका पातळ.”

“म्हणजे आज जेवढा, तेवढाच शेवटपर्यंत.”

“तीन वर्षांनी लोक नवीनच घेतात.”

“कोर्स पाच वर्षांचा आहे.”

“हप्ते आहेत ना, मॅडम.”

“हप्त्यांनी आतली जागा वाढते का?”

आईने लॅपटॉप पिशवीतून काढला, पदराने त्यावरचे बोटांचे ठसे पुसले आणि होता त्याच कोनात ठेवून दिला. रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, “आई, मेमरीचं तुला कुणी सांगितलं?”

“तूच. मंगळवारपासून तेच बडबडतेयस. माझ्या कानांना काय बटणं लावलीयत?”

शुक्रवार कामाचा होता. शुक्रवारी काही झालं नाही.

शनिवारी आम्ही भिंगवाल्याकडे गेलो. त्याच्या कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग असतं आणि जेवतानाही ते तो काढत नाही, असं म्हणतात. मोठ्या ऑफिसांनी काढून टाकलेले लॅपटॉप तो दुरुस्त करून विकतो. दुकान जिन्याखाली, आत एका वेळी दीड माणूस मावेल एवढं. मी आत गेले, आई अर्धी बाहेर.

त्याने एक दाखवला. काळा, जाड, कोपऱ्यावर कुठल्यातरी ऑफिसचं स्टिकर खरवडलेलं. किंमत यादीतल्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी कमी.

“दणकट आहे,” भिंगवाला म्हणाला. “विटेसारखा.”

“उलटा करा,” आई म्हणाली.

कुठलाही कपडा हातात आला की आई आधी उलटा करते. रंग, कापड, गळा, सगळं नंतर. लेबलवर लिहिलेलं असतं, गिऱ्हाईक सांगतं, ते एक; शिवण सांगते ते दुसरं, आणि शिवणीला खोटं बोलता येत नाही, असं तिचं मत आहे.

त्याने लॅपटॉप उलटा केला. आईने चष्मा लावला आणि स्क्रू मोजले.

“सात. हा एक वेगळा आहे. आधी कुणीतरी उसवलाय.”

“मीच,” तो म्हणाला. “पंखा बदलला. स्क्रू हरवला, दुसरा लावला.”

“मग काय काय उसवलंत ते सगळं सांगा. न विचारता.”

भिंगवाल्याने डोळ्यावर ओढलेलं भिंग परत कपाळावर ढकललं. बहुधा त्याला असं कुणी कधी विचारलं नसावं. पंखा नवा. डिस्क नवी. कीबोर्ड जुनाच, त्यातली एक कळ जोरात दाबावी लागते. बिजागरी डावीकडून सैल होती, आवळली आहे, पुन्हा सैल होईल. बॅटरी दोन तास, त्यावर मिनिटभरही नाही.

“उघडून दाखवा.”

“ताई, उघडून कुणी दाखवत नाही.”

“मी बाही उलटी करून दाखवते. रोज. गिऱ्हाईकासमोर.”

त्याने सातही स्क्रू काढले. आत हिरवा बोर्ड, थोडी धूळ, नवा पंखा, आणि मेमरीच्या पट्टीशेजारी तेवढ्याच लांबीची एक मोकळी खाच.

“ही जागा कशाची?” आईने विचारलं.

“आणखी एक पट्टी बसते. आता आठ आहे.”

“दुसरी आठची बसवली की?”

“सोळा,” आम्ही दोघं एकदम म्हणालो, मी आणि भिंगवाला.

“आणि पुढे?”

“दोन्ही काढून मोठ्या बसवायच्या. बत्तीसपर्यंत जातो.”

आई त्या खाचेकडे बघत राहिली. स्कर्टची आतली बाजू ती अशीच बघायची. तो एकच स्कर्ट मी चार वर्षं घातला. दर जूनमध्ये ती काठ उसवायची, मी एक पट्टी मोठी व्हायचे, आणि जुन्या शिवणीची फिकी रेघ मागे राहायची. वर्गातल्या मुली रेघा मोजायच्या. मी त्यांना सांगायचे, “मोजा, पुढच्या वर्षी अजून एक येईल.”

“पट्टी बसवा आणि एक दिवस ट्रायलला द्या,” आई म्हणाली. “पैसे ठेवून जाते, पण बिल ट्रायलनंतर.”

“लॅपटॉपची ट्रायल नसते, ताई.”

“का? त्याला लाज वाटते?”

भिंगवाला हसला. दिली त्याने.

रविवारी मी त्यावर नकाशे काढायचा प्रोग्राम चढवला आणि चार मजली इमारत उघडली. पंखा असा ओरडला की शेजारच्या मावशी बघायला आल्या. इमारत मात्र उभी राहिली. मी ती फिरवून मागून पाहिली, छप्पर काढून वरून पाहिली. सैल बिजागरीखाली आईने दुमडलेली चिंधी लावून दिली. लॅपटॉप रुंदीला पंधरा इंचांना जरा कमी, टेपने सरळ मोजलेला. पिशवीत शिरला नाही. आईने शिवण उसवली, माया बाहेर काढली, पुन्हा टीप मारली. शिरला. जाडीमुळे चेन लागेना, तिथे तिने दोन बटणं लावली. मग मी जाऊन बिल आणलं.

सोमवारी रांग जिन्यापर्यंत होती. सगळीकडे तेच पातळ, तेच करडे. टेबलामागे प्रयोगशाळेच्या मॅडम, समोर अर्जांचा गठ्ठा आणि गोल स्टिकरांचा रोल. स्टिकर लागलं की जागा पक्की.

मी बटणं सोडली आणि लॅपटॉप टेबलावर ठेवला. आवाज झाला.

“हा यादीतला नाही,” मॅडम म्हणाल्या.

“यादी म्हणजे शिफारस आहे. अट ‘किमान’ एवढीच आहे.”

“म्हणजे?”

“किमान म्हणजे याहून कमी नको. याहून जाड नको, असं त्यात कुठेच नाही.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी मान वर केली आणि हसू बंद झालं.

“चालू कर.”

सुरू व्हायला त्याला एक मिनिट चाळीस सेकंद लागतात. रविवारी मी अकरा वेळा मोजलं होतं. तेवढा वेळ मी मॅडमकडे बघत उभी राहिले. खाली बघायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. पडदा उजळला. मेमरी सोळा.

“बॅटरी?”

“दोन तास.”

“वर्ग चार तासांचा असतो.”

“सॉकेट भिंतीला आहेत, बघून आलेय. मी भिंतीजवळ बसेन.”

“पुढच्या वर्षी हा पुरणार नाही.”

“वाढवू. आत जागा आहे.”

त्यांनी बिल पाहिलं, मग माझा अर्ज काढला. “बिल कालचं. अर्ज तीन महिन्यांपूर्वीचा. त्यात तर ‘लॅपटॉप आहे’ लिहिलंय.” त्यांनी अर्ज माझ्यापुढे फिरवला आणि त्या रकान्यावर पेन ठेवलं.

मी वाचलं. तो एक शब्द वाचायला मला गरजेपेक्षा जास्त वेळ लागला.

“खरंच लिहिलंय,” मी म्हणाले. “यायला फक्त उशीर झाला.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीच्या दोन बटणांकडे पाहिलं. मग स्टिकर सोलून लॅपटॉपवर चिकटवलं, बरोबर त्या ऑफिसच्या खरवडलेल्या स्टिकरवर.

“पुढचा,” त्या म्हणाल्या.

अर्ज पोस्टात टाकायच्या आदल्या सकाळी, मी आंघोळीला गेले असताना, त्या कोऱ्या रकान्यात आईने कापडावरच्या खुणा करायच्या पेन्सिलीने आधी आणि मग पेनने ‘आहे’ असं लिहिलं होतं.