सखुबाईनं इचारलंय

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्याकडे एकोणीस हळदीच्या शेतांत मिळून एक्केचाळीस पेट्या होत्या. प्रत्येक पेटीला एक बॅटरी, एक अँटेना आणि ठिबकच्या पाण्याचा एक वॉल्व. गोदामाच्या छतावर या सगळ्यांशी रेडिओवरून बोलणारी एक मुख्य पेटी. नव्या प्रोग्रामचे साठ तुकडे. आणि सोमवारी सकाळी आठ वाजेपर्यंतचे बावीस तास.

सोमवारपासून आमच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला, रात्रीऐवजी दिवसाची वीज मिळणार होती. गाव खूश होतं, पण पेट्यांना रात्रीचीच वेळ ठाऊक होती; दिवसाची वेळ नव्या प्रोग्राममध्ये होती. वीज आली की स्टार्टर मोटार आपोआप चालू करतो. तेव्हा वॉल्व बंद असेल, तर पाईप फुटतो.

"एक पाईप फुटला तरी पेट्या उपटून परत द्यायच्या," असं आमचे एक सभासद शेतकरी तातेराव शनिवारच्या बैठकीत म्हणाले होते. आमच्या शेतकरी कंपनीच्या अध्यक्ष शकुंतलाबाई. त्यांनीच भांडून या पेट्या आणल्या होत्या. तरी त्या म्हणाल्या, "कबूल."

"हातानं उघडू की वॉल्व, एक दिवस," पेट्यांचे प्रोग्राम लिहिणारी इंजिनिअर म्हणून मी सुचवलं.

"हातानंच उघडायचा असंल, तर पेटी काहून पायजे, मॅडम?" तातेराव म्हणाले.

रविवारी दहाला मी गोदामातून तुकडे पाठवायला सुरुवात केली. ज्या पेटीला एखादा तुकडा मिळाला नाही, तिनं तो परत मागायचा, एवढा साधा नियम मीच लिहिला होता. झालं असं, की एक तुकडा हुकला की वीस-पंचवीस पेट्या एकाच क्षणी तो मागायच्या. मुख्य पेटीला नुसता गलका ऐकू यायचा, कोण काय मागतंय ते कळायचं नाही. दोन तासांत प्रोग्राम पुरा मिळालेल्या पेट्या होत्या सहा.

अँटेना तपासायला मी शकुंतलाबाईंच्या शेतात गेले. हळद कमरेच्या वर आली होती आणि तिच्यात अकरा बायका ओळीनं पात धरून खुरपत होत्या. मधोमध जनकाबाई. त्या आपला भाचा वसमतला मुलगी बघायला गेला, त्याची गोष्ट सांगत होत्या.

"...अन् सासरा समजून पाया कुनाच्या पडला, तर..." एवढ्यात बांधावरून ट्रॅक्टर गेला.

माझ्या अंदाजानं निम्म्या बायकांना पुढचं ऐकू आलं नसावं. पण ओरडली एकच, अगदी टोकाची सखुबाई. "कुनाच्या पडला गं?"

"सखुबाईनं इचारलंय," जनकाबाई दुसऱ्या टोकाकडं तोंड करून म्हणाल्या. मग मोठ्यानं सांगितलं, "शेजाऱ्याच्या! दूध घालाया आलता तो." सगळी पात हसली.

मी शेजारच्या बाईला विचारलं, "मावशी, तुम्हाला आधी ऐकू आलं होतं?"

"न्हाई."

"मग तुम्ही का नाही विचारलं?"

"सखूनं इचारलं ना. मी काहून घसा फाडू? तिला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगितलं, की मला बराबर येतंच."

मी जवळजवळ पळतच गोदामात आले. पेट्यांनी मागणी किती वेळ थांबून करायची, हे एका छोट्या संदेशानं बदलता येत होतं. जिला सिग्नल सगळ्यात कमजोर मिळतो, तिनं सगळ्यात आधी मागायचं. बाकीच्यांनी थोडं थांबायचं, आणि तेवढ्यात दुसरीनं तोच तुकडा मागितलेला ऐकला, तर गप्प बसायचं. हा संदेश मी उत्तराची वाट न बघता वीस वेळा पाठवला आणि तुकडे पुन्हा सुरू केले.

अडीच वाजता तेवीस पेट्या पुऱ्या झाल्या. मग आकडा हलेना. पडद्यावरच्या तक्त्यात बघितलं, तर ओढ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पेट्या अजूनही एकाच वेळी मागत होत्या. मध्ये उंचवटा आहे. मुख्य पेटी दोन्हीकडचं ऐकत होती, पण त्यांना एकमेकींचं ऐकू येत नव्हतं.

शकुंतलाबाई चहा घेऊन आल्या. "किती?"

"तेवीस."

"म्हंजे अठरा पाईप," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी पुन्हा शेतात गेले.

"आली परत," जनकाबाई म्हणाल्या. "खुरपं देऊ का एखादं?"

"मावशी, सखुबाईंचा आवाज त्या टोकाला जातो का?"

"कसा जाईल? वारं उलटं हाय."

"मग त्या टोकाच्या बायका गप्प कशा बसतात?"

"मी सांगते ना, सखुबाईनं इचारलंय म्हनून. न्हाई सांगितलं, तर तिकडून दोघी-तिघी तेच ओरडत्यात, अन् माझी गोष्ट ऱ्हाती बाजूला. शिकलेली पोरगी तू, एवढं न्हाई ठावं?"

हे वाक्य मी मघाशी ऐकलं होतं आणि गोष्टीचाच भाग समजून सोडून दिलं होतं. मी बांधावरून गोदामाकडे धावले. पेट्यांत काहीच बदलायचं नव्हतं. मुख्य पेटीला फक्त एक काम वाढवून दिलं: कुणाचीही मागणी आली, की तुकडा पाठवायच्या आधी ती मागणी जशीच्या तशी मोठ्यानं परत म्हणायची.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी सुरू केलं. तातेराव येऊन खुर्चीत बसले होते. सव्वातीनला एकोणतीस. तीन पंचवीसला छत्तीस.

"आता ह्या कमी ओरडून राहिल्या का?" त्यांनी पडद्याकडं बघत विचारलं.

"एक ओरडते. बाकीच्या ऐकतात."

"आमच्या बैठकीत बसवा एखादी," ते म्हणाले. शकुंतलाबाईंना चहाचा ठसका लागला.

तीन एक्केचाळीसला एक्केचाळीस.

सोमवारी सात पंचावन्नला सगळे वॉल्व उघडले. वीज आठ वाजून चार मिनिटांनी आली. तातेरावांच्या शेतात ठिबकच्या शेवटच्या नळीच्या टोकाशी पाणी आठ वाजून एकोणीस मिनिटांनी पोचलं.